सिस्टर, मी ओली झालेय

न्यूमोनिया झाला होता असं सांगितलं की लोक आदराने ऐकतात. ऑक्सिजन किती खाली गेला, आयसीयूत किती दिवस होतात, सगळं विचारतात. त्यानंतर काय झालं ते मी सांगायला लागले की समोरचा माणूस चहाच्या कपात बघायला लागतो.

हे लिखाण त्या दुसऱ्या भागाबद्दल आहे. रुग्णालयाच्या पलंगावर लघवी आणि जुलाब आवरेनासे झाले, त्या ओलाव्यात मी पडून राहिले आणि माझ्या मांड्यांची, जांघेची, बसायच्या जागेची कातडी सोलवटून निघाली. मी शहात्तर वर्षांची आहे. पूर्ण शुद्धीवर होते, शिकलेली आहे, तोंडात जीभ आहे. तरीही झालं. ज्यांच्या घरचं म्हातारं माणूस आत्ता कुठल्यातरी वॉर्डात पडलेलं आहे, त्यांनी हे वाचावं. आणि ते म्हातारं माणूस स्वतः वाचू शकत असेल तर त्याने आधी वाचावं.

आम्ही दोघी

मी सुधा. फोर्टातल्या कोर्टात स्टेनो होते. ठाकूरद्वारच्या एका वाडीतल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. लग्न होऊन मी तिथे आले तेव्हा माझी धाकटी नणंद मंदा कॉलेजात जात होती. तिने लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात नोकरी केली. पुढे सासरे गेले, सासूबाई गेल्या, माझे यजमान गेले. मुलगा समीर लग्न झाल्यावर खारघरला राहायला गेला. त्या दोन खोल्यांत मी आणि मंदा उरलो.

लोकांना वाटतं दोघी म्हाताऱ्या गोडीगुलाबीने राहत असतील. आमटीत गूळ किती घालायचा यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ती खिडकी उघडते, मी बंद करते. ती मला वहिनी म्हणते आणि अगं-तुगं करते, कारण आमच्या घरात तशीच पद्धत आहे.

थंडीत मला ताप आला, खोकला झाला, मग दम लागायला लागला. एका दुपारी मंदाने मला खुर्चीत बसवलं, वाडीतल्या माणसांना हाका मारून ती खुर्ची जिन्याने खाली उतरवली आणि मला टॅक्सीत घातलं. परळच्या एका रुग्णालयात आधी आयसीयू, मग बायकांचा जनरल वॉर्ड. फुप्फुसं हळूहळू सुधारत होती. डॉक्टर खूश होते. आणि नेमकं तेव्हाच दुसरं सुरू झालं.

घंटेचं बटण

औषधांनी जुलाब लागले. पायात उभं राहण्याचं बळ नव्हतं, बाथरूम वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. डायपर लावलं. लघवीचंही तेच. कळायची, पण कळल्यावर थांबवता यायची नाही.

पलंगाच्या कठड्याला घंटेचं बटण होतं. पहिल्यांदा मी ते दाबलं. वॉर्डातल्या आयामावशी आल्या, पडदा ओढला, पुसलं, बदललं, गेल्या. तोंड वाकडं केलं नाही, एक शब्द लागट बोलल्या नाहीत. त्यांचं हे रोजचंच काम. तरी पडदा बाजूला झाला आणि समोरच्या पलंगावरच्या बाईचे नातेवाईक माझ्याकडे बघून पटकन दुसरीकडे बघायला लागले, तेव्हा मला वाटलं की आता मी सुधा नाही, मी म्हणजे तो वास.

मग मी बटण दाबायचं टाळायला लागले. एकदा झालं की थांबायचं, आणखी एकदा होऊ द्यायचं, मग एकदमच सांगायचं. मावशींना सारखा त्रास नको, असं स्वतःला सांगायचे. पाणी पिणंही कमी केलं. पाणी कमी म्हणजे लघवी कमी, असं माझं शहाणपण. प्रत्यक्षात लघवी गडद आणि उग्र झाली आणि जास्त झोंबायला लागली.

आधी नुसतं चुरचुरलं. मग खाज. मग एका सकाळी मावशी पुसत असताना डोळ्यांसमोर अंधारी आली. उकळत्या तेलाचा शिंतोडा उडावा तशी आग, पण शिंतोड्यासारखी विझत नव्हती. मी दात आवळले. "दुखतंय का आजी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, चालू दे."

कोर्टात इतकी वर्षं मी लोकांचं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं. साक्षीदार घाबरून गप्प बसला की मनात म्हणायचे, अहो, बोला की. तिथे पलंगावर माझीच तऱ्हा तशी झाली होती.

मंदा

मंदा रोज सकाळी मऊ भात घेऊन यायची आणि संध्याकाळी परत जायची. तिने ते दोन गोष्टींवरून ओळखलं. जेवताना पलंगाची मागची बाजू वर केली की मी लगेच खाली करायला सांगायचे, आणि बाकी सगळा वेळ कुशीवर असायचे.

"वहिनी, तू सारखी कुशीवर का?"

"बरं वाटतं."

"जन्मभर पाठीवर झोपून घोरलीस. आता कुशीवर बरं वाटतं?"

तिने डबा बाजूला ठेवला.

"मला बघू दे."

"काय बघायचंय? सिस्टर बघतात."

"सिस्टरना सांगितलंयस?"

"मंदा, तू माझी नणंद आहेस."

"मग? आईचं कोणी केलं? आपण दोघींनीच ना? तेव्हा तू सून होतीस तिची. ती लाजली का तुला?"

"लाजल्या होत्या," मी म्हटलं. "खूप लाजल्या होत्या. मी रजेवर होते, तू ऑफिसात असायचीस."

मंदाने उठून पडदा सगळ्या बाजूंनी नीट लावला, हात धुऊन आली आणि म्हणाली, "कुशीवर हो. भिंतीकडे तोंड कर. मी काही बोलणार नाही."

मी भिंतीकडे तोंड केलं. तिने डायपर सोडलं. ती खरंच काही बोलली नाही, आणि तेवढ्यावरून मला कळलं की आत काय असेल. मंदाला गप्प बसवणं ही सोपी गोष्ट नाही. तिने चादर माझ्या अंगावर अलगद टाकली, माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि बाहेर गेली.

आईंचं दुखणं

ती परत येईपर्यंत मी काय विचार करत होते ते सांगते, कारण ती भीती फार जणांना असते.

माझ्या सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या. माकडहाडापाशी जखम झाली आणि ती आत आत गेली. मी आणि मंदा रोज ती धुवायचो. आमच्या दोन खोल्यांत उदबत्ती लावून, कापूर जाळून जो वास जायचा नाही, तो मला अजून ओळखू येतो. त्या जखमेनंतर त्या उठल्या नाहीत. त्यामुळे माझ्या डोक्यात गणित पक्कं होतं. कातडी गेली म्हणजे बेडसोर, आणि बेडसोर म्हणजे माणूस परत घरी जात नाही. मी ते लपवत होते त्यात लाज होती तशीच ही भीतीही होती. कुणी बघितलंच नाही तर नाव कोण ठेवणार त्याला?

मंदा आली ती लिसी सिस्टरना घेऊनच. लिसी सिस्टर केरळच्या, पण परळमध्ये अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांची मराठी त्यांची स्वतःची होती. त्यांनी बघितलं, वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. दोघींनी हातमोजे घालून, बोटाने हलकेच दाबून, घड्या उलगडून सगळं तपासलं. मी भिंतीवरचा रंगाचा पोपडा बघत होते.

"बेडसोर आहे ना?" मी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बेडसोर हाडावर दाब येऊन होतो, बहुतेक एका जागी. तुमचं सगळीकडे पसरलंय, घड्यांमध्येही आहे. लघवी आणि शौच कातडीला लागून राहिल्याने ती सोलली आहे. वर थोडं फंगसही झालंय. आत गेलेलं नाही."

"बरं होतं?"

"होतं. पण कातडी अशी कमजोर राहिली तर बेडसोर व्हायलाही वेळ लागत नाही. म्हणून आजपासूनच सुरू करायचं."

मी भिंतीकडेच तोंड करून रडले. लिसी सिस्टर पलंगाला वळसा घालून माझ्यासमोर आल्या आणि वाकून म्हणाल्या, "आजी, मला का नाही बोलला? मी इथेच होती ना."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मोठ्याने

उपाय ऐकायला अगदी साधा होता. कोमट पाण्याने, मऊ कापडाने, न घासता पुसायचं. साबण नाही. टिपून कोरडं करायचं. बुरशीचं मलम जिथे सांगितलं तिथे, आणि वरून एक पांढरं जाडसर मलम, ज्याच्यामुळे ओलावा कातडीपर्यंत पोचत नाही. पुढच्या वेळी ते सगळं खरवडून काढायचं नाही, वरची घाण टिपायची आणि पुन्हा पातळ थर द्यायचा. पावडर बंद. पलंगावर असताना डायपर आवळून बांधायचं नाही, खाली शोषणारं पॅड घालायचं आणि वारा लागू द्यायचा. एका कुशीवर फार वेळ राहायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं. जुलाबाचं औषध डॉक्टरांनी बदललं. मंदाने दोनदा सिस्टरांसमोर करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा सिस्टर म्हणाल्या, "आता मला बघायची गरज नाही."

एक काम मात्र फक्त माझं होतं. "ओलं झालं की लगेच बोलायचं," लिसी सिस्टरांनी बजावलं. "मी बिझी असली तरी बोलायचं. थांबायचं नाही."

त्या संध्याकाळी भेटीच्या वेळी वॉर्ड माणसांनी भरलेला होता. समीर ऑफिसातून थेट आला होता, पलंगाशी उभा राहून फोनवर कुणाला तरी माझी प्रकृती सांगत होता. आणि मला झालं. बटण दाबलं. कुणी आलं नाही, सिस्टर पलीकडे कुणाचं तरी सलाईन बघत होत्या. पुन्हा दाबलं. मग मी उशीवरून मान उचलली आणि कोर्टात साहेबांना साक्ष परत वाचून दाखवताना जो आवाज लावायचे, तो लावला.

"सिस्टर, मी ओली झालेय. मला बदलायचंय."

कुणाचा तरी डबा उघडता उघडता थांबला. समीरचा चेहरा लाल झाला. "आई, हळू," तो म्हणाला. मंदा त्याला म्हणाली, "तू बाहेर जाऊन उभा राहा. आणि पडदा लाव जाताना."

लिसी सिस्टर वॉर्डाच्या त्या टोकावरून म्हणाल्या, "आली आजी, आली." अगदी साध्या सुरात, जणू कुणी पाणी मागितलं आहे. मावशी आल्या, मंदा होतीच. काही मिनिटांत मी कोरडी होते. पडदा उघडला तेव्हा डबे पुन्हा सुरू झालेले होते, लोक आपापल्या माणसांशी बोलत होते. आभाळ कोसळलं नव्हतं.

आयुष्यात मला बढती मिळाली, मुलाच्या शिक्षणाचं सार्थक झालं, पुष्कळ अभिमानाचे प्रसंग आले. पण त्या संध्याकाळी त्या पलंगावर कोरड्या पॅडवर पडलेली असताना मला स्वतःबद्दल जे वाटलं, ते त्या सगळ्यांच्या पंक्तीला बसेल.

शेजारचा पलंग

माझ्या उजव्या हाताला लालबागच्या इंदूबाई होत्या. माझ्याहून मोठ्या, मूळच्या मालवणकडच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. त्यांची सून प्रतिभा दिवसभर त्यांच्यापाशी असायची. जिवापाड करायची.

दुसऱ्या दिवशी प्रतिभा औषध आणायला खाली गेली, तशा इंदूबाई माझ्याकडे वळल्या.

"बाय, काल तू वरडलंस ता मी आयकलंय."

"हो. तुम्हाला त्रास झाला का?"

"त्रास कसलो." त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "माका पण जळजळता गे. लय दिस झाले. आग आग होता."

"सुनेला सांगितलं?"

"ता बिचारा सगळा करता. रोज औषधाच्या पाण्यान घासून घासून धुता, पावडर लावता. तेका काय सांगू? म्हणात, एवढा करून हिका दुखताच."

मला त्यांचं म्हणणं पुरेपूर कळलं. प्रतिभा सासूला स्वच्छ ठेवायचं म्हणून जंतुनाशकाच्या पाण्याने टॉवेलने घासत होती, आणि ती घासते आहे म्हणून इंदूबाई हूं की चूं करत नव्हत्या. दोघींचंही प्रेमच, आणि सोलत होती कातडी.

"सिस्टरांना बोलावू?"

"नको गे. लाज वाटता."

"तुम्ही बोलू नका. मी बोलते."

मी बटण दाबलं. "सिस्टर, इंदूबाईंनाही जरा बघा. त्यांना आग होतेय."

"अगे हळू," इंदूबाई म्हणाल्या, पण त्यांनी पडद्याकडे बघून मान हलवली.

प्रतिभा परत आली तेव्हा पडदा लावलेला होता. काय झालं ते कळल्यावर ती स्टुलावर बसून रडायला लागली. "मी एवढं करते आणि माझ्याच हाताने झालं." मंदाने तिला पाणी दिलं. म्हणाली, "तुझ्या हाताने झालं नाही, कुणी सांगितलं नव्हतं म्हणून झालं. ये, मी दाखवते. मीही कालच शिकलेय." आणि दोन पलंगांच्या मधल्या जागेत सत्तरीच्या मंदाने स्वतःच्या हातावर कापड टिपून दाखवत प्रतिभाला शिकवलं. इंदूबाई पडद्याआडून म्हणाल्या, "आता बरा वाटता." प्रतिभा रडता रडता हसली.

समीरचं म्हणणं

समीर वाईट मुलगा नाही, हे आधी सांगते. रोज खारघर ते परळ करत होता. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेली माणसं लवकर व्यवस्था लावायला बघतात.

मला झोप लागली आहे असं समजून तो मंदाशी बोलत होता. "आत्या, मी कर्जतला एका केंद्रात चौकशी केलीय. चांगलं आहे, नर्स असते, अटॅच्ड बाथरूम आहे. आमच्याकडे आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. आणि वाडीत तर संडास गॅलरीच्या टोकाला. आई तिथपर्यंत कशी जाणार?"

"जाईल."

"तुझे गुडघे बघ. तिला उचलायची वेळ आली तर?"

"मी तिला उचलणार नाहीये. ती उठणार आहे."

"आत्या, भावनेच्या भरात बोलू नकोस."

"भावना कसली रे? तिचं नि माझं रोज भांडण होतं. कर्जतला गेली तर मी कुणाशी भांडू?" मग ती थांबली. "समीर, मी तिचं सगळं बघितलंय. काही बाकी नाही बघायचं. तू अजून पडद्याच्या आत आलेला नाहीस. आधी आत ये, मग ठरव."

मी डोळे मिटूनच होते. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला. मावशी बदलायला आल्या तेव्हा मंदाने त्याला बाहेर जायला सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तो माझ्या डोक्याशी उभा राहिला, माझा हात धरून. मला कुशीवर वळवायला त्याने मदत केली. त्याने खाली बघितलं नाही, मी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "दुखतं का गं फार?"

"आता कमी."

"मला माहीतच नव्हतं."

"मी सांगितलं नव्हतं कुणालाच," मी म्हटलं.

त्याने मला पाणी पाजलं आणि ऑफिसला गेला. कर्जतचा विषय त्याने सोडला नव्हता, पण त्या दिवसानंतर तो "आईला विचारून" असं म्हणायला लागला.

गॅलरीच्या टोकापर्यंत

मला घरी जायचं होतं, आणि घरी जायचं तर पायावर उभं राहायला हवं होतं. व्यायाम करून घेणारी मुलगी यायची, तिला मी म्हटलं, "मला संडासापर्यंत चालता आलं पाहिजे. बाकी काही नको." ती हसली, पण तिने तेच लक्ष्य धरलं. आधी पलंगाच्या कडेला बसणं. मग वॉकर धरून उभं राहणं. जेवण झालं की, चहा झाला की, व्हायच्या आधीच पलंगाशेजारच्या खुर्चीवजा कमोडवर बसायचं, अशी शिस्त लिसी सिस्टरांनी लावून दिली. कधी जमायचं, कधी नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा दिवसभर पॅड कोरडं राहिलं, त्या दिवशी मंदाने वॉर्डात शेवटच्या पलंगापर्यंत खोबऱ्याच्या वड्या वाटल्या. कशाबद्दल, असं कुणीतरी विचारलं. तिने खरं कारण सांगितलं. त्या बाईंनी आणखी एक वडी घेतली.

ठरल्यापेक्षा उशिराच घरी सोडलं. खुर्चीत बसवून वर चढवलं. खोलीत भाड्याने आणलेली कमोडची खुर्ची ठेवलेली होती. सकाळी मदतीला एक बाई यायच्या, बाकी सगळं मंदा. कोमट पाणी, मऊ कापड, टिपणं, मलम. तिच्या गुडघ्यांमुळे तिला वाकता यायचं नाही, म्हणून ती छोट्या स्टुलावर बसून करायची आणि सगळा वेळ मला बोलायची. आमटी गोड झाली, म्हणे, तुझ्या त्या सकाळच्या बाईला सांग. कातडी आधी जळायची थांबली, मग खाजायला लागली. मग एके दिवशी मंदा म्हणाली, "वहिनी, आरसा देते, बघ." मी आरशात बघितलं. काळसर डाग होते, पण कातडी होती. माझी, कोरडी, सलग.

आमच्या गॅलरीत नऊ बिऱ्हाडं आहेत. एका रविवारी समीर आलेला असताना मी वॉकर घेतला आणि म्हटलं, "मी जाऊन येते."

"कुठे?"

"टोकाला."

तो लगेच मागे निघाला, दोन्ही हात पुढे धरून, मी पडेन म्हणून. "हात खाली घे," मी म्हटलं. दारादारांतून लोक बघत होते. मला त्याचं काही वाटलं नाही, बघू देत. मध्ये एकदा दम लागला तेव्हा कठड्याला धरून उभी राहिले, खाली वाडीत मुलं क्रिकेट खेळत होती ती बघितली आणि पुन्हा निघाले. गेले, आतून कडी लावली, आले. वेळेत पोचले होते, कपडे कोरडे होते.

दारात समीर उभा होता. त्याने काही कौतुक वगैरे केलं नाही, त्याला ते येत नाही. "तिथे भिंतीला धरायला एक दांडी बसवून घेऊया," तो म्हणाला. "मी माणूस बघतो." कर्जतचं नाव त्यानंतर निघालं नाही.

मंदाची पाळी

हे इथे संपलं असतं. पण एक राहिलं.

गेली दोन वर्षं मंदाने लग्नकार्यांना जाणं सोडलं होतं. आमच्या वाडीतल्या बायकांचा भजनाचा गट आहे, त्यातही जायची बंद झाली होती. गुडघे, असं सांगायची. मी आजारी होण्याआधी मीही ते खरं धरून चालले होते. पण आता मला काही गोष्टी दिसायला लागल्या. खोकला आला की ती पाय आवळून उभी राहायची. हसता हसता मध्येच आत निघून जायची. परकर दिवसातून दोनदा बदलायची.

एका दुपारी ती माझी औषधं लावत बसली होती. तिला शिंक आली आणि ती उठायला लागली.

"बस," मी म्हटलं. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मंदा, मी कोर्टात नोकरी केलीय. मला फिरवू नकोस."

ती बराच वेळ गोळ्यांची पट्टी हातात फिरवत राहिली. "दोन वर्षं. जास्तच. थोडी थोडी होते. वयाने होतं वहिनी, त्याला काय करणार?"

"माझी कातडी वयाने गेली होती का? माझं मला लपवू दिलं नाहीस, आणि स्वतःचं मात्र लपवतेस?"

"तुझं वेगळं. तू पडून होतीस. मी चालती-फिरती आहे."

"मग चालत-फिरत डॉक्टरकडे चल."

ती नको नको म्हणत राहिली आणि मी तिच्यासारखीच हट्टाने बसले. शेवटी आम्ही दोघी निघालो. मी काठी घेऊन, ती माझा दंड धरून. गिरगावातल्या त्या दवाखान्यात बाहेर बाकांवर माणसं बसलेली होती, आणि आत डॉक्टरांच्या खोलीचं दार धड लागत नव्हतं, अर्धं उघडंच राहायचं. मंदाने त्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही गुडघ्यांचंच सांगणार.

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

मंदाने पर्स मांडीवर ठेवली, पाठ ताठ केली आणि टेलिफोनवर परगावच्या लाइनी जोडताना लावायची त्या स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "डॉक्टर, मला लघवी थांबवता येत नाही. शिंकले, हसले, जिना चढले की होते. दोन वर्षं झाली. कोणाला बोलले नव्हते. काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. व्यायाम आहेत, औषधं आहेत, बऱ्याच जणींना फरक पडतो. तिलाही पडतो आहे. भजनाला ती परत जायला लागली आहे, आणि बेसूर गाते असं माझं मत आहे.

परतताना टॅक्सीत मी तिला म्हटलं, "मला तुझा फार अभिमान वाटला आज." इतक्या वर्षांत असं काही आम्ही एकमेकींना बोललो नव्हतो. तिने खिडकीतून बाहेर बघितलं.

"नुसतं सांगू नकोस," ती म्हणाली. "लिही. आणि नाव घालून लिही, उगाच एक नातेवाईक बाई म्हणून नको."

घातलं आहे.